दोनशे पंचावन्न अक्षरांनंतर

सोमवार, ३

बाबांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या थेरपीवाल्या बाईंचा हुकूम आहे की बाबा दिवसभरात जे बोलतील ते रोज लिहून ठेवायचं. जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. म्हणून ही वही. पाच-सहा शब्दांसाठी रोज अख्खं पान कशाला वाया घालवायचं, म्हणून उरलेल्या जागेत मी माझंही लिहिणार आहे. बाई पहिल्या ओळीपलीकडे वाचणार नाहीत.

आजचे शब्द: पाणी. मग. नको. पाणी. रेडि (रेडिओ).

पक्षाघाताचा झटका येऊन नऊ महिने झाले. उजवा हात गेला, चालणं गेलं, आणि अख्खी कंपनी ज्यांना 'पाल्हाळराव' म्हणायची त्यांची वाक्यं पहिल्या शब्दावर अडकायला लागली. पुढचं मी पूर्ण करते. बाबा निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या मीच टाइप केल्या आहेत. त्यांच्या मनातलं मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. बाबा तिथे मेकॅनिक होते, मी एकोणीस वर्षं ऑफिसात आहे. तीन हजार आठशे साठ लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टचा एक शेरा. म्हणजे आधी जाऊन आलेल्या मेकॅनिकने पुढच्यासाठी लिहून ठेवलेलं. मेकॅनिक चिठ्ठी देणार, मी ती जुन्या संगणकात टाइप करणार, असं इतकी वर्षं चाललं. आता नवा प्रोग्राम आलाय आणि शेरे थेट मेकॅनिकच्या फोनवर दिसणार आहेत. जुन्यातून नव्यात माहिती हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण जुना प्रोग्राम कळणारी मी एकटीच उरले आहे. आज पहिल्यांदा हलवून बघितलं. दोनशे ओळी गेल्या आणि गाडी अडली. 'माहिती रकान्यापेक्षा मोठी.' नाकापेक्षा मोती जड.

बुधवार, ५

शब्द: नको. मग. बस.

मोजलं. तीनशे बारा शेरे लांब आहेत. नवा रकाना दोनशे पंचावन्न अक्षरांचा, आणि संगणक काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं अक्षर धरतो, त्यामुळे तो आपल्याला आणखीच तोकडा पडतो. तीनशे बारापैकी सत्त्याण्णव बाबांचे. सगळ्यात मोठा दोन हजार शंभर अक्षरांचा, अर्थात बाबांचाच. त्यात वॉचमनच्या मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा आहे. नमनालाच घडाभर तेल.

प्रोग्रामवाल्याला फोन करून म्हटलं, रकाना रुंद करून द्या.

"करता येईल मॅडम, पण मग सगळी तपासणी पहिल्यापासून. दीड महिना धरा. आणि खरं सांगू का, एवढं कोण वाचतं?"

व्यवस्थापक साहेबांना पंधरा तारखेच्या आत सगळं नव्यात हवंय. मग मी एक नियम लिहिला: दोनशे पंचावन्नपर्यंत घ्या, पुढचं सोडा. एका झटक्यात सगळं पार पडलं.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती इथे लिहिते. मेकॅनिकांची रीत अशी की जुनं खोडायचं नाही, नवं शेवटी जोडायचं. म्हणजे ताजं ते शेपटाला. आणि मी कापतेय ते शेपूटच. साहेबांना हे सांगायला गेले होते, पण ते फोनवर होते. परत आल्यावर वाटलं, शितावरून भाताची परीक्षा होतेच की. पहिल्या चार ओळी वाचून लिफ्ट कळत नसेल तर तो मेकॅनिक कसला?

शुक्रवार, ७

शब्द: मामा. मामा. हं. पाणी.

सकाळपासून एकतीस फोन. नव्या फोनवर शेरे अर्ध्या शब्दात तुटलेले दिसतात आणि प्रत्येकाला पुढचं हवंय. "ताई, 'दाराची पट्टी घास' म्हणजे घासायची की घासलेली आहे?" "ताई, 'गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या म्हात' इथे संपलंय. म्हातारा की म्हातारी?" मी जुना संगणक उघडते, वाचून सांगते, ठेवते, की पुन्हा फोन वाजतो.

संध्याकाळी मामा घरी आले. मामा म्हणजे आमच्या कंपनीतले सगळ्यांचे मामा. पन्नाशीचे आहेत, बाबांच्या हाताखाली शिकले, अजून बाबांना 'उस्ताद' म्हणतात. बाबांच्या खुर्चीजवळ बसून म्हणाले, "उस्ताद, तुमच्या लेकीने तुमच्या पोथ्यांच्या चिंध्या केल्या बरं का." बाबा हसले. मीही हसले. मग मामा मला म्हणाले, "ताई, थट्टा सोडा. उस्तादांचा शेरा असला की मी दुसरं काही बघत नाही, सरळ कामाला लागतो. तेवढा पुरा ठेवा बुवा."

मी म्हटलं, बघते.

मंगळवार, ११

शब्द: गार. मग. नको.

साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातातल्या फोनवर तुटका शेरा होता. म्हणाले, "हे काय दिसतंय? ग्राहकाने बघितलं तर काय म्हणेल? स्वच्छ करा."

दुपारी नवा नियम लिहिला आणि सगळे लांब शेरे पुन्हा हलवले. दोनशे पंचावन्नपर्यंत जायचं, तिथून मागे येत शेवटचा पूर्णविराम शोधायचा आणि तिथे कापायचं. आता एकही शब्द तुटलेला नाही. प्रत्येक शेरा पुऱ्या वाक्यावर संपतो. वाचणाऱ्याला वाटेल की लिहिणाऱ्याला एवढंच म्हणायचं होतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार वाजल्यापासून एकही फोन आला नाही.

गुरुवार, १३

शब्द: हा हा (हसले). पण. पण. पण. दो.

आज बाबांना त्यांचे जुने शेरे वाचून दाखवले, नव्या फोनवरून. वाटलं, करमणूक होईल. दातांच्या दवाखान्याच्या इमारतीचा काढला: 'इथे दोन लिफ्ट शेजारी शेजारी आहेत. दोन नंबरच्या दाराची तक्रार नेहमीची, पट्टी घासून घ्यावी. खड्ड्यात पाणी साचतं, पंप बरोबर न्यावा. वॉचमन किल्ली देताना कुरकुर करतो, त्याच्याशी गोड बोलावं. खड्ड्यात उतरण्याआधी दोन नंबरचा मेन स्विच पाडावा.'

वॉचमनपाशी बाबा हसले. मी पुढच्या इमारतीकडे वळले तर म्हणाले, "पण."

"पण काय? चहा? ठेवलाय."

"पण. पण." डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "दो."

"दोन चमचे साखर? डॉक्टरांनी एकच सांगितलाय."

त्यांनी हात टेबलावर आपटला. कप खाली पडून फुटला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणतात, झटक्यानंतर माणूस उगाच रडतो, तो आजाराचा भाग असतो, मनाला लावून घ्यायचं नाही. मी काचा गोळा केल्या आणि चहात दोन चमचे साखर घातली. त्यांनी प्यायला नाही.

शनिवार, १५

शब्द: पण. मग.

जुना संगणक आज रिकामा केला. भंगारवाला सोमवारी नेणार, त्याआधी सगळं पुसून टाकायचं असा साहेबांचा आदेश. कागदाच्या चिठ्ठ्या तर कधीच रद्दीत गेल्या. एक बटण दाबायचं आणि 'खरंच?' विचारलं की पुन्हा दाबायचं. मी दोनदा दाबलं.

कापलेल्या शेपट्या कुठे ठेवाव्यात का, असा विचार आला होता. पण ठेवल्या की कोणीतरी विचारणार, हे काय, का कापलं, आणि मग सगळं पहिल्यापासून. मी फक्त एक यादी ठेवली: लिफ्टचा क्रमांक आणि किती अक्षरं सोडली तो आकडा. तेवढं तरी हिशेबाला असावं.

घरी येताना जिन्यावर कानात सारखं 'दाराची पट्टी घास, दाराची पट्टी घास' वाजत होतं. मी त्याच्यापुढे 'लेली आहे' जोडलं, तरी थांबेना. पालीची शेपटी तुटली तरी वळवळत राहते, तसं काहीतरी.

शनिवार, २२

शब्द: पण. दोन. खाली. दोन. खाली. पण.

दहा दिवस झाले, बाबांचं 'पण' सुटत नाही. मी फोन हातात घेतला की सुरू होतं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, एखादा शब्द जिभेला चिकटून बसतो. आज 'दोन' आणि 'खाली' आलं म्हणून मी त्यांना दुसऱ्यांदा खाली फिरवायला नेलं. चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये घातली तेव्हा ते आतल्या बटणांच्या फळीकडे बघत राहिले आणि खाली पोचेपर्यंत डाव्या हाताने माझा पदर धरून ठेवला. बागेत त्यांनी कशाकडेच बघितलं नाही.

ऑफिसात सगळं सुरळीत आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन शाबासकी दिली. मला मात्र कुठलाही शेरा वाचताना शेवटच्या पूर्णविरामावर डोळे अडकतात. हा लिहिणाऱ्याचा की माझा, असं वाटत राहतं. दोन्ही अगदी सारखे दिसतात.

गुरुवार, २७

आज शब्द लिहून घेतले नाहीत.

सकाळी साडेदहाला फोन आला. दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत मामा दोन नंबरच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले होते. मेन पाडलेला होता. तरी लिफ्ट खाली आली. मामांचा डावा पाय खाली सापडला. काढायला चाळीस मिनिटं लागली.

सोबतचा मेकॅनिक ऑफिसात आला तेव्हा त्याच्या शर्टाला खड्ड्यातलं काळं पाणी लागलेलं होतं. तो एकच वाक्य म्हणत होता, "स्विच पाडला होता हो, मी डोळ्यांनी बघितला." साहेबांनी त्याला बसवलं. मी पाणी आणून दिलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

शुक्रवार, २८

शब्द: मामा. मामा. पण.

यादी काढली. दातांच्या दवाखान्याची इमारत, दोन नंबर: एक्क्याण्णव अक्षरं सोडली.

तो शेरा मी टाइप केला होता. दहा वर्षांपूर्वी, याच बोटांनी. बसल्या बसल्या बोटं टेबलावर ठेवून बघितली, त्यांना काही आठवतंय का. 'मेन स्विच पाडावा'पर्यंत बोटं धावतात आणि पुढे लाकूड होतात.

मग वाटलं, कशावरून त्या एक्क्याण्णव अक्षरांत स्विचबद्दलच काही होतं? असेल वॉचमनच्या मुलीचं बारसं. बाबांचं काय सांगावं. हे मी स्वतःला दिवसभर सांगितलं.

दुपारी यादीवरून नुसती नजर फिरवत होते तर आमचीच इमारत दिसली. चौतीस अक्षरं. तो शेरा लिहिणारा मेकॅनिक तीन वर्षांपूर्वी वारला. त्या चौतीसात काय होतं ते आता जगात कोणालाही माहीत नाही, आणि मी रोज बाबांना त्याच लिफ्टमधून खाली नेते. संध्याकाळी मी जिन्याने वर आले. शेजारीण लिफ्टमधून तिच्या लहानग्याला घेऊन बाहेर पडली आणि म्हणाली, "व्यायाम का?" मी हो म्हटलं. तिला काहीतरी सांगायला हवं होतं.

रविवार, ३०

शब्द: मामा (चार वेळा). पाय.

हॉस्पिटलला गेले. मामांचा पाय गुडघ्याखाली काढला. मामी खाटेपाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी उठून मला जागा दिली, ते मला सहन होईना.

मामा औषधाच्या गुंगीत होते, पण ओळखलं. म्हणाले, "ताई, मी नीट वाचलं होतं. उस्तादांनी लिहिलेलं तसंच केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "उस्ताद कधी चुकले नव्हते. वय झालं होतं का त्यांचं तेव्हा?"

मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, दमाल. आणि पांघरूण सारखं केलं, जिथे पाय नव्हता तिथलंसुद्धा.

मंगळवार, १

शब्द: एकही नाही.

साहेब घरी आले. चौकशीत त्यांना तो शेरा सापडला आहे. चूक सरळ दिसते: शेऱ्यात एकच स्विच पाडायला सांगितलं आहे, आणि त्या इमारतीत जुन्या वायरिंगमुळे दुसऱ्या लिफ्टचा करंट आत येतो. शेऱ्यापुढे नाव बाबांचं. त्यांनी एक कागद टाइप करून आणला होता: 'सदर शेरा मी लिहिला असून त्यात आवश्यक सूचना नमूद करण्याचे माझ्याकडून राहून गेले.'

मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना काही होणार नाही. निवृत्त माणूस, त्यात आजारी. पेन्शन चालू राहील. आणि प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर मग नवा प्रोग्राम, तुमचं काम, सगळंच तपासायला काढतील."

त्यांना माहीत आहे की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी कागद बाबांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, ऑफिसचं काहीतरी आहे. सही हवीय."

वाटलं होतं, कागद भिरकावतील. पण त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला, मग माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हाताने, वाकडीतिकडी, पण पूर्ण नावाची सही केली. नऊ महिन्यांतली पहिली. झाल्यावर माझ्या हातावर दोनदा थोपटलं. पेन काढून घे असं म्हणायचं असेल. काय लिहिलंय ते त्यांना समजलं नाही, हे एका परीने बरंच झालं.

साहेब म्हणाले, कागद गुरुवारी ऑफिसात आणून द्या. कागद माझ्या पिशवीत आहे.

बुधवार, २

आज रजा घेतली. ऑफिसात बसवेना.

दिवसा बाबांकडे बघायला मावशी येतात. मी घरी आहे म्हणून त्या जरा बुजल्यासारख्या होत्या. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "ताई, रागवू नका. काल रात्री ते जेवले नाहीत, असं तुम्ही म्हणालात. माझ्याशी सकाळी बोलले, भूक नाही म्हणून."

"बाबा 'भूक नाही' म्हणाले? दोन शब्द?"

"पुष्कळ बोलतात की. आज म्हणाले, लेकीला सांगू नको, ती घाबरेल. वेळ लागतो, एवढंच. मी मध्ये बोलत नाही. घड्या घालत बसते, येतं हळूहळू."

मी ही वही चाळली. रोजचे शब्द, आणि प्रत्येक दिवशी त्यांच्यापुढे माझी अक्कल. चहा. साखर. बाग. मी पदरचं घालत होते. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मग त्यांच्यासमोर जाऊन बसले. दातांच्या दवाखान्याचा शेरा पुन्हा वाचला, पाडावापर्यंत, आणि गप्प बसले. गप्प बसणं मला येत नाही. दोन मिनिटांत तोंडात शब्द आले, ते गिळले. बाबांचे ओठ हलले, थांबले. बाहेर कोणीतरी लिफ्टचं दार लावलं. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

"पण," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही.

"तेव... तेवढ्याने." बराच वेळ गेला. "भागत. नाही."

मग त्यांनी दोन बोटं वर केली आणि ती दोन्ही खाली पाडली. एक, मग दुसरं. "दोन्ही," ते म्हणाले. "दोन्ही. मग. खाली."

तेव्हा बोटांना आठवलं. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: 'पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या वायरिंगमुळे एक नंबरची लाइन आत येते. दोन्ही पाडूनच उतरावं.' संगणक मोजतो तशी मोजली. एकोणनव्वद भरली. दोन कमी आहेत. कुठलातरी शब्द वेगळा होता, तो मला कधीच कळणार नाही.

मग आणखी एक मोजलं, ते मोजायला नको होतं. माझ्या पहिल्या, गबाळ्या नियमाने हा शेरा 'पण तेवढ्याने भागत नाह' इथे तुटला असता. मामांनी ते वाचून फोन केला असता. जुना संगणक तोवर पुसला गेलेला असला, तरी निदान खड्ड्यात पाय टाकण्याआधी ते थबकले असते. त्या चार दिवसांत त्या इमारतीत कोणी गेलंच नाही. आणि अकरा तारखेला मी ते स्वच्छ केलं.

मी बाबांना म्हटलं, "मी कापलं. तुम्ही सगळं लिहिलं होतं." ते म्हणाले, "माहीत." हा शब्द मात्र लगेच आला.

गुरुवार, ३

साहेबांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. बाबांच्या सहीचा, मधोमध फाडून, आणि तीनशे बारा लिफ्टची यादी.

सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "स्वच्छ करा असं मी म्हटलं होतं. कापा असं नव्हतं म्हटलं." हे खरं आहे. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. यादी वाचत वाचत त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "यातल्या किती ठिकाणी असं असेल?"

"माहीत नाही. एक असेल किंवा शंभर. म्हणून सगळ्या बंद करायला हव्यात."

"तीनशे बारा इमारती? लोक आपल्याला चपलेने मारतील."

त्यांनी फोन मात्र उचलला. दुपारपर्यंत दोनशेच्या वर बंद झाल्या. मला पुढचं कळेपर्यंत घरी बसायला सांगितलंय. आमच्या इमारतीत दारावर चिठ्ठी लागली आहे आणि शेजारीण मुलाला कडेवर घेऊन चार मजले चढताना लिफ्टवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी तिची पिशवी घेतली आणि तिला सांगितलं की ते मीच केलंय. तिने पिशवी परत घेतली.

शनिवार, ५

शब्द: आता ओळींत मावत नाहीत, वेगळ्या वहीत लिहिते. बाबांच्या सत्त्याण्णवपैकी चार शेरे पुन्हा लिहून झाले. पाचवा बाबांना आठवला नाही. ते डोळे मिटून खूप वेळ शोधत राहिले, मग मान हलवली. त्यापुढे मी 'आठवत नाही' असं लिहिलं. दुसऱ्या मेकॅनिकांचे शेरे ज्याचे त्याला विचारतायत. वारलेल्यांच्या शेऱ्यांपुढे काहीच लिहिता येत नाही.

दुपारी हॉस्पिटलला गेले. मामा शुद्धीवर होते, उशीला टेकून बसलेले. मामी सफरचंद चिरत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. रकाना, नियम, पूर्णविराम, सगळं. पूर्णविरामापाशी मामींची सुरी थांबली.

मामा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे उस्तादांनी लिहिलं होतं."

"हो."

"काय लिहिलं होतं? सगळं सांगा."

मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तेही माझ्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणाले, दोन्ही पाडूनच उतरावं. "मला वाटत होतं, उस्ताद मला सांगायला विसरले," ते म्हणाले. "आठ दिवस तेच डोक्यात. पायापेक्षा तेच." त्यांनी डोळे पुसले.

मी म्हटलं, "मामा, मला..."

"आता जा ताई," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "उस्तादांना म्हणावं, बरा झालो की येतो. तुम्ही परत येऊ नका."

मी निघाले. व्हरांड्याच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून मामी आल्या. माझी पिशवी स्टुलाशी राहिली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या.